घोसाळ्याची आंघोळ

बी कशी राखायची, हे मला कुणी शिकवू नये! आत्याने दिलेल्या बियांपासून बाल्कनीत घोसाळ्याचा वेल मी चढवला. पुढे आत्याच्या घरची सगळी बी उंदरांनी फस्त केली आणि तिचा इतक्या वर्षांचा वाण माझ्या एकुलत्या एक घोसाळ्यात उरला. ते मी वेलावरच पार वाळू दिलं. हलवलं की काय खुळखुळायचं! "आत्या, बिनघोर ये. माझ्या हाती बी म्हणजे तिजोरीत!" मी फोनवर ठणकावून सांगितलं.

ती यायच्या दिवशी सकाळी घोसाळं तोडलं, साल सोलली, कठड्यावर ठेवलं आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर कठडा रिकामा!

"अगं, माझं घोसाळं कुठंय?"

"मी काय खाल्लं?" बायको फणकारली.

तेवढ्यात बाथरूममधून सासऱ्यांची तान ऐकू आली. मी दाराशी धावलो.

"बाबा! अंग कशाने घासताय?"

"वा, जावईबापू! माझ्यासाठी खास नवीन आणून ठेवलंत! पाठ कशी चकाचक झालीय!"

"थांबा! पाणी ओतू नका!"

"डोळ्यात साबण गेलाय हो!" आणि त्यांनी अख्खी बादली उपडी केली.

पंचा गुंडाळून ते बाहेर पडताच मी आत घुसलो. एक काळं, चमकदार काहीतरी गरगरत जाळीकडे गेलं आणि बुडुक! गेली बी! वाण बुडाला!

जाळी उपसली. कोपरापर्यंत हात घातला. केस निघाले, साबणाचा चपटा तुकडा निघाला, पुन्हा केस निघाले. जोर लावला तर आतली वाटीच उपटून हातात आली आणि तुंबलेलं पाणी उलटं बाहेर! "प्लंबरला बोलावते!" बायको ओरडली. "त्याने बी फोडली तर?" मी त्याहून मोठ्याने ओरडलो.

आणि सापडली! ओल्या तळहातावर एवढीशी, काळीभोर. काय सांगू तुम्हाला, मी भान विसरलो. एवढ्याशा दाण्यात अख्खा वेल निजलेला! पानं, पिवळी फुलं, आत्याचं सारं अंगण! माझे हात आपोआप जोडले गेले.

बेल वाजली. आत्याच! मी ओलाचिंब, खाली मान घालून सगळं सांगितलं आणि तळहात पुढे केला. "आत्या, ही एकच वाचवू शकलो."

तिने चष्मा लावला. "अरे गाढवा, हिला चार भोकं आहेत!"

"माझं बटण!" सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी आंघोळीनंतर दोरीवर टांगलेलं घोसाळं आत्याने काढलं. त्याच्या टोकाचं झाकण नखाने उचकटलं आणि ते ताटलीवर आपटलं. टप, टप, टपाटप! ओल्या, काळ्या बिया पडतच राहिल्या. घासलं, पिळलं, बादलीभर पाण्याने धुतलं, तरी आतल्या कप्प्यांनी सगळ्या धरून ठेवल्या होत्या! सगळे ताटलीवर वाकले. बायकोसुद्धा! सासऱ्यांनी एक बी उचलून उजेडात धरली. "देवा रे! आणि मी हिने बगल घासली!"

आत्याने बिया सावलीत पसरल्या. "यातल्या निम्म्या इथेच राहू देत. एका घरात वाण ठेवू नये."

मी खिशातून रुमाल काढला, छाती फुगवली आणि हात पुढे केला.

"तू नको रे," आत्या म्हणाली, "तू आधी बाथरूम पूस. बी यांच्याकडे राहील."

आणि तिने सासऱ्यांकडे बोट दाखवलं.