सुभेदारांचा साताऱ्याचा शुक्रवार

विश्रामबागेत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सिनेमागृह आहे. तिथे लागलेलाच सिनेमा पाहायला सुभेदार हणमंतराव साळुंखे दर शुक्रवारी एसटीने साताऱ्याला जात. सिनेमा तोच, नट तेच, मारामारी तीच. फक्त वाटेत कराड लागायचं. जायला तीन तास, यायला तीन तास, आणि मध्ये सिनेमा. शेजारधर्म म्हणून मी एकदा विचारलंच.

"अहो सुभेदार, हा इथं लागलाय की."

"इथला पडदा बारीक हाय."

"आणि साताऱ्याचा?"

त्यांनी जरा विचार केला. "त्यो बी बारीकच हाय. पर तिथनं बघितलं की मोठा वाटतो."

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. पाणी उताराकडे जातं एवढं मला कळतं. हा माणूस चढाकडे चालला होता.

सुभेदार आता नाहीत. त्यांच्या घरचा कोर्टातला दावाही दोन्हीकडच्या मुलांनी आपसात मिटवला. त्यामुळे मी तोंड उघडल्याने आता कुणाचं नुकसान नाही. उलट न उघडल्याने एका सज्जन माणसाचं झालेलं आहे, आणि परवा त्यांच्या वर्षश्राद्धालाही एकाने मला कोपर मारून डोळा घातला, म्हणून हे लिहितो आहे.

सुभेदार आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मुलगा प्रकाश, सून आणि नात यांच्यासोबत. पलटणीतून निवृत्त झालेले. शुक्रवारी पहाटे बुटांना पॉलिश, शर्टाला इस्त्री, आणि जिन्यावरून असे उतरत की खाली कुणी मानवंदना घ्यायला उभं असावं. जगातल्या सगळ्या माणसांची त्यांनी सिनेमाप्रमाणे वाटणी केली होती. सोसायटीचा अध्यक्ष म्हणजे व्हिलन. दूधवाला साइड रोल. मला ते 'पाव्हणा कलाकार' म्हणत. म्हणजे येतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो.

पण एवढ्या शौकिनाला सिनेमाची गोष्ट मात्र सांगता येत नसे. शनिवारी सकाळी मैदानावर फिरताना आम्ही निवृत्त मंडळी विचारायचो, "काय होतं कालच्या सिनेमात?"

"चांगला होता. एका म्हाताऱ्याचा गुडघा लय सुजल्याला."

"हिरोच्या बापाचा?"

"आसंल कुणाच्या तरी बापाचा. मग त्यानं एरंडाचा पाला बांधला."

पुढच्या शनिवारी वेगळाच सिनेमा. त्यात विहिरीवरचा पंप जळालेला. त्याच्या पुढच्या सिनेमात म्हैस व्यालेली, पण रेडकू दगावलेलं. आमच्यातल्या एकाने तो म्हशीचा सिनेमा मुद्दाम जाऊन पाहिला. सगळी गोष्ट लंडनमध्ये घडत होती. तो बिचारा शेवटच्या पाट्या संपेपर्यंत म्हशीची वाट बघत बसला.

आम्ही चक्रावून गेलो. निवृत्त माणसांना चक्रावून जाणं परवडत नाही. ती काहीतरी खुलासा काढतातच. खुलासा मी काढला. मैदानाला फेरी मारताना मी म्हणालो, "सिनेमाबिनेमा काही नाही. हिरॉईन साताऱ्याला असणार." सगळे असे हसले की एकाची कवळी निघाली. मीही खूश झालो. ही माझी कामगिरी.

मग मार्च महिना आला आणि सिनेमागृहं बंद झाली. सगळंच बंद झालं. पहिल्याच शुक्रवारी सुभेदार इस्त्रीच्या शर्टात स्टँडच्या दिशेने निघाले, तेव्हा चौकात पोलिसाने अडवलं. मी गॅलरीतून पाहत होतो.

"आजोबा, कुठं?"

"सिनेमाला."

"कुठल्या?"

"साताऱ्याच्या."

तो पोलीस तरणा होता. एव्हाना त्याला औषध, दूध, मयत अशी कारणं ऐकायची सवय झाली असावी. हे कारण इतकं खरं होतं की काठी कुठे ठेवावी हेच त्याला कळेना. शेवटी त्याने सुभेदारांना हात धरून आमच्या फाटकापर्यंत आणून सोडलं आणि मला म्हणाला, "काका, यांच्याकडं जरा लक्ष ठेवा."

मग जिल्ह्याबाहेर जायला ऑनलाइन पास निघाला. तो अर्ज भरायला सुभेदार गुपचूप माझ्याकडे आले. घरात मुलगा असताना माझ्याकडे का, हेही मला कळलं नाही.

"कारण काय लिहू?"

"सिनेमा लिवा."

"सिनेमे बंद आहेत, सुभेदार."

"मग दुसरं कंच्या कारणाला सोडत्यात?"

"दवाखाना. अंत्यविधी."

"म्हंजे मेल्यावर जाऊ देत्यात आन् जित्तेपणी न्हाई?"

मी कारणाच्या जागी 'इतर' लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. पुन्हा भरला, पुन्हा नामंजूर.

नातीने त्यांच्या मोबाइलवर सिनेमे लावून दिले. दहा मिनिटं बघून त्यांनी फोन परत केला. "पोरी, ह्यात माणूस येकटा पडतो गं." ती म्हणाली, "आजोबा, सिनेमा एकट्यानंच बघायचा असतो." सुभेदार म्हणाले, "तू अजून ल्हान हाईस."

पावसाळ्यात एसट्या सुरू झाल्या आणि त्यांचा शुक्रवारही सुरू झाला. सिनेमागृहाला कुलूप होतं. तरी ते साताऱ्याला जात, त्या कुलपासमोर शोची वेळ संपेपर्यंत बसत आणि परत येत. हे त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं, "मग करता काय तिथं?" म्हणाले, "वाट बघतो." मला वाटलं, कुलूप उघडायची.

दिवाळीच्या तोंडावर सिनेमागृहं अर्ध्या खुर्च्यांवर उघडली आणि त्याच आठवड्यात प्रकाश माझ्याकडे आला. चेहरा पडलेला.

"काका, तुमच्या कानावर काही आलंय का? आप्पांचं साताऱ्याला कुणीतरी आहे म्हणतात."

माझा विनोद मैदानाला फेऱ्या मारून जिना चढून वर गेला होता. मी खाली पाहिलं.

"तुम्ही एकदा मागं जाऊन बघा. मला जाता येत नाही. कोर्टात आमचा दावा चालू आहे तिथं, कुणी बघितलं तर नको ते अर्थ निघतील."

दाव्याचं मला ठाऊक होतं. सुभेदारांचा थोरला भाऊ साताऱ्यात मुलाकडे राहायचा. गावच्या विहिरीकडच्या उसाच्या रानावरून त्या मुलाचं आणि प्रकाशचं भांडण. प्रकाशचं कोर्टात म्हणणं असं की वाटणी पूर्वीच तोंडी झालेली आहे. दोघा भावांचं खाणंपिणं, येणंजाणं, बोलणंही कैक वर्षं बंद आहे. वकिलाने बजावलं होतं, दोघं कुठे एकत्र दिसले तर दावा ढिला पडेल.

मी तोंडावर मास्क, डोक्याला मफलर अशा वेशात त्या शुक्रवारी त्याच एसटीत मागच्या बाकावर बसलो. वेश बदलण्याची गरजच नव्हती. त्या वर्षी सगळा महाराष्ट्रच वेश बदलून फिरत होता.

सिनेमागृहात जुनाच सिनेमा लावला होता. माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एकाआड एक खुर्चीवर पट्टीची फुली. मी शेवटच्या रांगेत बसलो. सुभेदार मधल्या रांगेत. थोड्या वेळाने काठी टेकत एक टोपीवाले म्हातारे आले आणि सुभेदारांच्या शेजारी फुलीच्या खुर्चीवर बसू लागले. बाई नव्हे, बाबा! माझा मेंदू पार थांबला.

डोअरकीपर धावत आला. "आजोबा, एक सोडून बसा."

"आवं, आमी एका घरचं हाय," सुभेदार म्हणाले.

"घरचे असला तरी एक सोडून."

म्हातारे एक खुर्ची सोडून बसले. दिवे गेले. नायिका रडायला लागली. आणि त्या रडण्यावर ताण करत सुभेदारांचा आवाज आला.

"दादा, गुडघा कसा हाय?"

"आं?"

"गुडघा, गुडघा!"

"उतरलाय. तुझी साखर?"

"हाय तिथंच. पंप दुरुस्त झाला का?"

"परत जळाला. वायर तुझ्या पोरानं तोडली म्हंतोय आमचा."

"तोडली आसंल. हात लय शिवशिवत्यात त्याचं."

"आमचा तरी कुठं कमी हाय? तुझ्या बांधावरचा आंबा त्यानंच पाडला, हणमा."

"म्हाईत हाय की!"

दोघं खो खो हसले. पुढून कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, पिच्चर बघू द्या!"

"बघ की बाबा," थोरले म्हणाले, "आमी कुठं पडद्याम्होरं हुबं हाय?"

सुजलेला गुडघा, जळालेला पंप, दगावलेलं रेडकू. गेल्या कित्येक वर्षांतले सगळे सिनेमे मला एकदम कळले. त्या दोघांनी आजवर शेजारी बसून कुजबुजत चालवलेला खेळ त्या एका फुलीने उघडा पाडला होता. थोरल्यांना ऐकू कमी येत होतं आणि आता मध्ये एक खुर्ची होती. फोनवर त्यांना काही कळत नसे, आणि त्यांच्या घरी फोन घ्यायची सूनच. उरला होता अंधार.

मध्यंतराला चहाच्या टपरीपाशी सुभेदारांनी मला बरोबर ओळखलं.

"मफलर सोडा, देसाई. उकडत आसंल. प्रकाशनं धाडलं न्हवं?"

मी मान डोलावली. "सुभेदार, मला काही सुचत नाही. घरी जाऊन काय सांगू?"

"आसं हाय बघा. मी दादासंगं बोललो तर पोरगा हारतो. न्हाई बोललो तर भाऊ जातो. दोगांतलं कोन सोडायचं ह्ये काय मला आजून ठरवता आलं न्हाई." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "बाई हाय म्हनून सांगा."

"अहो, काय बोलता! या वयात? अब्रूचं काय?"

"ऐका माजं. भाऊ हाय म्हनून कळलं तर प्रकाश उद्याच मला कोंडंल. पर बाईचा इषय कुठला पोरगा बापाफुडं काढतो? मनात जळंल, पर बोलनार न्हाई. माझा शुक्रवार ऱ्हाईल."

घंटा झाली. ते आत गेले. मी परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसलो आणि रात्री प्रकाशला सांगितलं, "आहे खरं कुणीतरी. वयस्कर आहे. तू त्यात पडू नकोस."

सुभेदारांचा हिशेब अचूक निघाला. प्रकाश बापाशी त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. बाकीच्याही विषयांवर बोलेनासा झाला. सून चहाचा कप हातात न देता कट्ट्यावर ठेवू लागली. मैदानावरची मंडळी ते दिसले की शिट्टी वाजवत. नातीचा साखरपुडा झाला तेव्हा आशीर्वाद द्यायला सगळ्यांना पुढे बोलावलं, यांना नाही. मी घुसमटून म्हणालो, "सुभेदार, मी खरं सांगून टाकतो." ते म्हणाले, "दावा मिटंस्तवर तोंड उघडायचं न्हाई. आन घ्या." मी शपथ घेतली. पुढच्या शुक्रवारी ते जिना उतरले तेव्हा अत्तराचा घमघमाट. म्हणाले, "लोकांस्नी पुरावा लागतो, देसाई."

ती थंडी त्यांनी अशी मजेत काढली. दर शुक्रवारी अत्तर लावून, एक खुर्ची सोडून.

एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. त्या लाटेत साताऱ्याच्या दवाखान्यात थोरले गेले. प्रकाशला गावाकडून कुणीतरी फोनवर सांगितलं. "त्यांनी आपल्याला कळवलेलं नाही," तो म्हणाला, "आपण सुतक पाळायचं कारण नाही." वर कुकरची शिट्टी झाली, टीव्ही लागला. सगळं रोजच्यासारखं.

दुपारी सुभेदार माझ्या दारात. हातात दाढीचं सामान.

"देसाई, न्हाव्याची दुकानं बंद हाईत. माझं डोस्कं कराल का?"

भावकीत माणूस गेलं की आमच्याकडे केस उतरवतात. मी गॅलरीत पाट मांडला. मी उभ्या जन्मात दुसऱ्याच्या डोक्याला वस्तरा लावला नव्हता. दोनदा कापलं.

अर्धं डोकं झालं असेल, तेवढ्यात खालून आमच्या फिरण्यातला एक जण जाताना थांबला. त्याने वर पाहिलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि हसत ओरडला, "काय सुभेदार! साताऱ्याची गेली की काय?"

मी वस्तरा खाली ठेवला. त्याला काय सांगायचं ते माझ्या ओठावर आलं होतं. सुभेदारांनी न बघता माझं मनगट धरलं, घट्ट.

"व्हय गड्या," ते खाली ओरडून म्हणाले, "गेली."

तो हसत पुढे गेला. मी उरलेलं डोकं केलं आणि पाणी ओतलं.

"मिशी ऱ्हायली," ते म्हणाले.

"सुभेदार, पलटणीतली मिशी. ती असू दे. लोक..."

"थोरला भाऊ हुता माझा, देसाई. काढा."

मी साबण लावला. मिशी गेली तेव्हा त्यांचा वरचा ओठ मी पहिल्यांदाच पाहिला. तो लहान मुलासारखा हलत होता. मग त्यांनी मास्क वर ओढला, सामान गोळा केलं आणि जिना चढून घरी गेले.