प्रभूचा डोळा लागला

ड्रॉइंग सरांना माइकची भीती वाटायची. माणसाला वाघाची भीती वाटते, सापाची वाटते, पण वाघ काही कोणी दर कार्यक्रमात आणून समोर ठेवत नाही. माइक ठेवतात. शाळेतून निवृत्त होताना सरांच्या पुढ्यात तो आला, तेव्हा त्यांनी त्याला नुसते हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, सर गहिवरले. सर गहिवरले नव्हते, त्यांची पाचावर धारण बसली होती.

त्यामुळे चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि "तरुण संघासाठी जरा वेळ द्या," म्हणाले, तेव्हा सरांनी आधी एकच विचारलं, "बोलावं लागणार नाही ना?"

"छे हो. उलट न बोलता सांगायला शिकवायचंय."

भानगड अशी होती. तरुण संघाच्या रविवारी प्रत्येकाने मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, असा शिरस्ता होता. बाकीची पोरं धडाधड बोलून मोकळी व्हायची. तिघं अडकली होती. एक लांबू. तो उभा राहिला की माइक त्याच्या छातीशी यायचा, आणि गेल्या वर्षी मंडळीने साक्ष म्हणून फक्त त्याच्या काळजाची धडधड ऐकली होती. दुसरा होहो. प्रभूने तुला काय दिलं, असं विचारलं तरी तो "हो" म्हणायचा. तिसरी हळूबाई. तिचा आवाज इतका बारीक, की तिची सख्खी आई तीनदा "काय?" म्हणायची आणि मग स्वतःच्या मनाला येईल ते करायची.

"या तिघांनी चित्रातून साक्ष द्यावी," पाळकसाहेब म्हणाले. "ते तुम्ही शिकवा."

सरांची कळी खुलली. पण पाळकसाहेबांच्या मागोमाग हेडसर आत आले होते. हेडसर म्हणजे सरांच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक आणि आता चर्चच्या पंचांचे प्रमुख. त्यांना बघितलं की सर अजूनही शर्टाचं वरचं बटण लावायचे.

"माझी एक अट आहे, ड्रॉइंगमास्तर," हेडसर म्हणाले. "चित्र मंडळीला पचलं पाहिजे. नाही पचलं, तर तिघंही माइकवर बोलतील. आणि त्यांच्या आधी तुम्ही."

पाळकसाहेब पुढे बरंच काही बोलले, पण सरांच्या कानात "तुम्ही" एवढंच राहिलं.

उपासनेच्या सभागृहामागे मोडक्या बाकांची एक खोली होती. तिथे वर्ग सुरू झाला. सर एरवी भित्रे, पण हातात ब्रश आला की माणूस वेगळा. "आधी ठरवा, काय सांगायचंय. मग त्यातलं अर्धं खोडा. उरेल ते मोठं काढा," ते सांगायचे. लांबूने देवदूत, मेंढरं, इंद्रधनुष्य, सगळं काढलं आणि सगळं खोडलं. होहोला सर विचारायचे, "हे कमी करू या?" तो म्हणायचा, "हो." "की राहू दे?" "हो." शेवटी हळूबाई काहीतरी म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, ती "चेहरा" म्हणतेय.

मग ठरलं. प्लायवूडचे तीन मोठे तुकडे जोडायचे आणि त्यावर प्रभूचा फक्त चेहरा. डोळ्यांचं काम हळूबाईकडे आलं, आणि सरांनी हौसेने तिला आपली ठेवणीतली युक्ती शिकवली. चेहरा अगदी समोर ठेवायचा आणि बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्यावर. मग बघणारा कुठेही गेला तरी चित्र त्याच्याकडेच बघतं. हळूबाईने ते इतकं मन लावून केलं, की शेवटचा हात फिरवून झाल्यावर सर स्वतःच दोन पावलं मागे सरकले. छान झालंय, असं त्यांना वाटलं. आणि नकळत त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

शनिवारी चित्र व्यासपीठामागच्या भिंतीवर चढलं. पहिल्यांदा ते बघितलं चर्चच्या शिपायाने. तो झाडू घेऊन डावीकडे गेला, डोळे डावीकडे आले. उजवीकडे गेला, डोळे हजर. खाई त्याला खवखवे. त्या दिवशी त्याने कधी नव्हे ते बाकांखालचा केर काढला, खिडक्या पुसल्या, आणि घरी जाताना सरांना गाठून म्हणाला, "सर, मी मागच्या खोलीत दुपारी झोपतो हे त्याला कोणी सांगितलं?"

"कोणाला?"

शिपायाने नुसतं वर बोट दाखवलं.

रविवारी तर धमालच उडाली, पण हसायला कोणी धजावलं नाही. गायनमंडळातल्या एका जाड बाईंनी पहिल्याच गीतानंतर शेजारणीला सांगून टाकलं, की आपण इतकी वर्षं नुसते ओठ हलवतोय. उशिरा येणारे दारातूनच परत फिरले. जे आले ते खांबांच्या आडोशाला बसले. एकेका खांबामागे इतकी गर्दी झाली, की मधले बाक ओस पडले. पाळकसाहेबांची चित्राकडे पाठ होती, पण नजर मानेवर जाणवत असावी. ते बोलता बोलता मान चोळायचे, मागे बघायचे, कुठपर्यंत आलो ते विसरायचे. एरवी तासभर चालणारा संदेश, म्हणजे प्रवचन, त्यांनी दहा मिनिटांत उरकला आणि "आमेन" म्हणताना डोळेसुद्धा मिटले नाहीत.

उपासना संपताच हेडसरांनी सरांना अंगणात अडवलं. "मास्तर, चित्राने बोलावं असं ठरलं होतं. हे तर दटावतंय."

"पण सर, ते प्रेमाने..."

"प्रेमाने बघितलेलं कळलं असतं, तर लोक खांबामागे लपले असते का? पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त करा. नाहीतर माइक आहे."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन ते आरशासमोर उभे राहिले आणि "प्रिय मंडळी," एवढं म्हणून बघितलं. पुढचं निघेना. बायको मागून म्हणाली, "अहो, सरका तिथून. एक घाबरलेला पुरे आहे, आरशात आणखी एक कशाला?"

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी चाचरतच विषय काढला. हळूबाईने मान खाली घातली. मग ती बोलली आणि सरांनी कान अगदी जवळ नेला.

"मी बोलत नाही म्हणून मला कोणी बघत नाही. घरी नाही, कॉलेजात नाही. तो बघतो. तेवढंच सांगायचं होतं."

सरांना भरून आलं. या वेळी खरोखरच. जन्मभर मागच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाला हे वाक्य आपलंच वाटलं. "पोरी, तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आपल्या लोकांना कोणी बघितलेलं झेपत नाही. काय करू या?"

ती उठून सभागृहात गेली, बाकीचे मागोमाग. शिडीवर चढली आणि दोन्ही डोळ्यांवर पापण्या रंगवल्या.

सगळे मागे सरून बघू लागले. मिटल्या डोळ्यांचा तो भला मोठा चेहरा बघून लांबूने अंत्ययात्रेत जोडावेत तसे हात जोडले. "सर, हे तर..."

"बोलू नकोस," सर म्हणाले. काल लोक घाबरून लपले होते, आता रडारड झाली असती.

तेवढ्यात हळूबाई म्हणाली, "उशी."

"काय?"

"उशी काढू या. खाली."

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वादळात शिष्य जीव मुठीत धरून ओरडताहेत आणि प्रभू नावेत उशी घेऊन शांत झोपलाय, तो बायबलातला प्रसंग. लांबूने वर चढून लाटा काढल्या, होहोने नाव काढली, हळूबाईने उशी, आणि सरांनी आनंदाच्या भरात उशीला झालरही लावली.

मंडळीने सुटकेचा निःश्वास सोडला. खांब मोकळे झाले, मधले बाक भरले. हेडसरांनी चित्राकडे बघून मान डोलावली, आणि माइकचं संकट टळलं असं सरांना वाटलं. पण मानेवरची नजर गेल्यामुळे पाळकसाहेबही मोकळे झाले होते. संदेश पुन्हा तासाचा झाला, मग सव्वा तासाचा. आणि समोर प्रभूच झालरीच्या उशीवर इतका निवांत पहुडलेला बघून मंडळीचेही डोळे जड होऊ लागले. आधी म्हातारे गेले, मग गायनमंडळ. एका रविवारी पाळकसाहेब "जागे राहा" या वचनावर बोलत असताना पहिल्या बाकावर हेडसर घोरले.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब मागच्या दाराने सरांकडे आले. "सर, डोळे उघडता येतील का? मंडळी झोपतेय. पण माझ्या मानेवर नको हं, लोकांकडे बघू दे. आणि हे हेडसरांना कळता कामा नये. चित्र त्यांनी पास केलंय."

ते गेले न गेले तोच हेडसर आले. सरांनी बटण लावलं. "मास्तर, डोळे उघडा. संदेश आवरत नाही. त्या नजरेचा जरा धाक होता. पाळकसाहेबांना मात्र माझं नाव सांगायचं नाही."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ड्रॉइंग सर. सकाळी ते वर्गात म्हणाले, "दोन्ही उघडले तर लोक पळतात, दोन्ही मिटले तर झोपतात. मग एकच उघडायचा?"

"हो," होहो म्हणाला. या वेळी ते बरोबर जागी पडलं.

रविवारी मंडळी आत आली आणि दारातच थबकली. वादळ तेच, उशी तीच, पण उशीवरच्या चेहऱ्याचा एक डोळा हलकेच उघडा होता आणि जो तो समजत होता की तो आपल्यालाच पाहतोय. कुजबुज वाढत गेली. मग पाळकसाहेब, हेडसरांकडे चोरून बघत, मोठ्याने म्हणाले, "हे कोणी केलं?"

हेडसर, पाळकसाहेबांकडे बघत, त्याहून मोठ्याने म्हणाले, "कोणाच्या परवानगीने? ड्रॉइंगमास्तर, माइकवर या आणि सांगा."

सरांचे पाय जमिनीला खिळले. दोघांची नावं ओठांवर होती आणि दोघांनाही शब्द दिलेला होता. कोणीतरी माइक त्यांच्या हनुवटीपाशी आणून धरला. सरांना स्वतःचा श्वास सभागृहभर ऐकू आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता आपण इथेच पडणार, असं त्यांना खात्रीने वाटलं.

"मी केलं."

आवाज बारीकच होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. हळूबाई उभी होती. तिच्या आईने सवयीने "काय?" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"तुम्हाला वाटलं, प्रभूचा डोळा लागला," हळूबाई म्हणाली. "त्याचा नव्हता लागला. तुमचा लागला होता. तो सगळा वेळ बघत होता. माझ्याकडे पण." आणि ती खाली बसली.

पाळकसाहेबांनी मान चोळली. हेडसर बुटांकडे बघू लागले. मग ते घसा साफ करून म्हणाले, "साक्ष झाली. पण मास्तर, हेच म्हणायचं होतं का चित्रातून?"

माइक अजून सरांच्या हनुवटीपाशीच होता. सरांनी चित्राकडे बघितलं. तो उघडा डोळा बरोबर त्यांच्यावर होता, आणि नवल म्हणजे, त्याची भीती वाटेना.

"हो," सर माइकमध्ये म्हणाले.

आयुष्यातला तो त्यांचा माइकवरचा पहिला शब्द. मागच्या बाकावर होहोने लांबूला कोपराने ढोसलं आणि अभिमानाने बघितलं, जसं काही सरांना बोलायला त्यानेच शिकवलं होतं.