तिसरी सही

पवनीच्या आमच्या वाचनालयात दोन माणसं आत गेल्याशिवाय गजभिये काका पायरी चढत नसत. काका म्हणजे रिटायर बस कंडक्टर. संध्याकाळी पाचला दाराशी उभे राहून "चला, आत व्हा, दरवाज्यात गर्दी नाही पाहिजे" म्हणत माणसं ढकलायचे. दुसरा आत गेला की मात्र हात आडवा! मागच्याला कोपर मारून स्वतः घुसायचे आणि रजिस्टरात तिसरी सही ठोकायचे. एकदा दुसरा माणूस येईना, तेव्हा समोरच्या सलूनमधून आमच्या निखाडेंना अर्ध्या दाढीसकट उचलून आणलं.

"काका, तीन आकडा शुभ आहे का?" मी विचारलं.

"कंडक्टरले शुभ-अशुभ नसते बे. सीट असते."

आम्ही कॅरम खेळणारे ठरलेले आठ जण. दोन बोर्ड, चार जोड्या आणि भांडण एकच, सेलोकर गुरुजींना जोडीला कोण घेणार? गुरुजींचे हात कापायचे. त्यांचा स्ट्रायकर सोंगटी सोडून समोरच्याच्या चहात जायचा. जोड्या पडताना सगळे छताकडे पाहायचे. मग गुरुजीच "मी आज पेपर वाचतो" म्हणून कोपऱ्यात जायचे.

तेव्हा मी पुढे सरसावलो. माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि अंगात ज्ञान मावत नव्हतं. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला. सह्यांच्या क्रमाने आठ नावं टाकायची, बटण दाबायचं, जोड्या तयार. गुरुजी कोपऱ्यातून बोर्डावर आले. नाव मशीनने काढलेलं, कुणाचे उपकार नाहीत.

योग असा, की पहिले काही दिवस सोडले तर त्यांची जोडी रोज गजभिये काकांशीच पडायची. काका कपाळ बडवायचे. "माह्याच नशिबी येते हा माणूस! गुरुजी, सोंगटी इकडे आहे, इकडे! तुमी नागपूरले नेम धरून राहिले!" मला काकांची फार कीव यायची.

एक दिवस गंमत म्हणून मी त्यांच्या काखेखालून आत घुसलो आणि तिसरी सही केली. काकांनी कॉलर धरली.

"उतर खाली!"

"काका, ही बस नाही."

"उतर म्हणतो ना!"

माझी सही खोडून त्यांनी तिथे आपली केली, मला बाहेर ओढलं आणि खिशातून डायरी काढली. दोन महिन्यांच्या जोड्या!

"पाह्य. पहिला-पाचवा, दुसरा-सातवा, तिसरा-आठवा, चौथा-सहावा. रोजच. तुह्या मशीनचा रूट ठरला आहे बाप्पा."

आणि सावकाश चालणारे गुरुजी रोज आठवे.

कॉम्प्युटर मनाने काहीच काढत नाही. त्याच्याकडे आकड्यांची एक ठरलेली माळ असते. दर वेळी ती वेगळ्या मण्यापासून मोज, हे त्याला सांगावं लागतं. तेवढी एक ओळ मी लिहिलीच नव्हती.

"अन् तुह्या क्लासच्या परीक्षेचे पासवर्ड कोन काढते?"

तसाच माझा दुसरा प्रोग्राम, त्यातही ती ओळ नव्हती. म्हणजे मागच्या बॅचचे पासवर्ड वापरून कुणीही पुढच्या बॅचचे पेपर उघडू शकत होतं. 'पासवर्ड फक्त कॉम्प्युटरला आणि देवाला माहीत' अशी पाटी मी क्लासमध्ये स्वतः रंगवली होती. आता त्यात एका कंडक्टरची भर पडली.

"दोन्ही प्रोग्राम आत्ता दुरुस्त करतो, काका."

"पासवर्डचा कर. आजच कर. कॅरमच्याले हात लावशील तर याद राख."

"पण का?"

काकांनी डायरी खिशात घातली. "मशीन जोडीदार देते म्हणून गुरुजी खेळाले येते. मी देऊन राहिलो, असं त्याले समजलं तर पुन्हा पेपर घेऊन बसन."

मला वरमल्यासारखं झालं. म्हटलं, "मग कधीकधी मी होतो तिसरा."

"तुह्याच्यानं होत नाही. तू त्याले सांभाळून घेशील. लगेच समजन त्याले. त्याले शिव्या देनारा पाहिजे."

आम्ही आत गेलो. शेवटी गुरुजी आले. मी बटण दाबलं, जोड्या वाचल्या. गुरुजी माझ्या कानाशी वाकले.

"तुझं मशीन पक्षपाती आहे बुवा. सात माणसं असताना नेमका हाच कटकट्या माझ्या वाट्याला कसा येतो?"

"नशीब, गुरुजी."

"एकदा तरी बदलव ना."

"माझ्या हातात नाही हो."

तिकडून काका ओरडले, "या लवकर, गुरुजी! हराले उशीर होऊन राहिला!"

"बघ, बोलतो कसा!" म्हणत गुरुजींनी बाह्या वर सारल्या आणि कापऱ्या हातांनी आपली खुर्ची काकांच्या समोर ओढून घेतली.