उलट्या जॅकेटातले गजभिये

गजभिये भाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली दुधाची पिशवी पडून फुटली. जानेवारीतली सकाळ, नोएडातलं धुकं, समोरचं झाडसुद्धा दिसेना. सोसायटीच्या गेटातून एक मोटरसायकल आली. तिच्यावरच्या माणसाची पाठ माझ्याकडे होती आणि तोंडही माझ्याकडेच होतं.

मी साताऱ्याची, भूतखेत मानत नाही. तरी ‘अगं आई गं’ म्हणून अशी किंचाळले की गार्ड काठी घेऊन धावला.

मोटरसायकल थांबली. माकडटोपीतून आवाज आला, “जय भीम, वहिनी. घाबरू नका. मी गजभिये. परवाच तुमच्या समोरच्या फ्लॅटात आलो. किंचाळलात मराठीत, म्हणून ओळखलं.”

तेव्हा कुठे मला उमगलं. या गृहस्थाने जॅकेट उलटं घातलं होतं. पाठ छातीवर, चेन पाठीवर, आणि जॅकेटची टोपी हनुवटीखाली झोळीसारखी लोंबत होती. झोळीत चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्या आणि मूठभर शेंगदाणे.

“अहो, उलटं घातलंय तुम्ही!”

“बिल्कुल बरोबर घातलंय. वारा समोरून येतो ना? मग दार समोर कशाला ठेवायचं? समोर भिंत, मागे दार!”

हे त्यांचं ब्रीदवाक्य. माणूस नागपूरचा, सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर, ऑफिस दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला. घराशेजारी मेट्रो. पण दिल्लीच्या थंडीत, जिथे कुत्रीसुद्धा स्वेटर घालून फिरतात, भाऊजी मोटरसायकलवर जाणार. कारण विचारलं तर म्हणाले, “मेट्रोत सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. सिग्नलला निदान शेजारचा म्हणतो, ‘भाईसाब, आज तो ठंड जमा देगी.’ तेवढंच बोलणं होतं.”

त्यांची तयारी बघून तर मी थक्क झाले. पायात मोजे, मोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, त्यावर बूट. हातात लोकरी मोजे आणि वरून भांडी घासायचे रबरी. छातीवर वर्तमानपत्र, तेही कुठलंही नाही. “फ्लॅटच्या जाहिरातीचं पान घ्यायचं, वहिनी. कागद जाड असतो. बाकी बातम्यांनी ऊब येत नाही.”

बायको, सुशीलाताई, गेल्याला दोन हिवाळे झालेले. मुलगी बंगळुरूला. मोठं घर एकट्याला खायला उठतं म्हणून हा लहान फ्लॅट घेतला, एवढं आम्हाला त्यांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं आणि लगेच शेंगदाण्यांवर विषय नेला.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळी बेल वाजली. आमचे हे आंघोळीला गेलेले. मी दार उघडलं तर भाऊजी माझ्याकडे पाठ करून उभे.

“वहिनी, जरा चेन लावून देता?”

मी हादरलेच! परका पुरुष, सकाळची वेळ, आणि चेन! तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि नीट पाहिलं. जॅकेटची चेन पाठीवर, ती लावायला त्यांचा हात पुरेना. मघापासून दाराच्या कडीत चेन अडकवून खाली बसायचा प्रयोग करत होते म्हणे. तीन वेळा आपटले होते.

लावली चेन. काय करणार?

मग रोजचंच झालं. गॅसवर दूध, एका हातात लाटणं, आणि दारात ही पाठ. पिठाच्या हातानेच मी चेन वर ओढायची, पाठीवर एक थाप मारायची आणि म्हणायची, “हं, निघा आता!” म्हशीला गोठ्याबाहेर काढताना मारतात ना, तशी थाप. दिल्लीभर हा माणूस पाठीवर माझा पिठाचा पंजा घेऊन फिरायचा, पण कधी तक्रार नाही.

आमच्या ह्यांनी शेवटी युक्ती काढली. चेनला लांब नाडी बांधली, म्हणजे खांद्यावरून ओढली की काम झालं. दुसऱ्या दिवशी बेल वाजलीच.

“नाडी तुटली, वहिनी.”

नायलॉनची नाडी! पुन्हा बांधून दिली. पुन्हा तुटली. मी ह्यांना म्हटलं, या माणसाच्या अंगात हत्तीचं बळ आहे की काय?

एकदा चेन लावण्याच्या नादात दूध उतू गेलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच रविवारी आम्ही बाजारातून चांगलं जॅकेट आणलं. खास मोटरसायकलवाल्यांचं. समोर चेन, चेनवर पट्टी, पट्टीवर बटणं. वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची! भाऊजींना नेऊन दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाले, “फार छान. आता तुम्हाला त्रास नाही.” पण शेंगदाणेसुद्धा काढले नाहीत.

सोमवारी बेल नाही. मंगळवारी नाही. दूध शहाण्यासारखं भांड्यातच राहिलं. पण खरं सांगू? पोळ्या लाटताना माझा कान दाराकडेच.

बुधवारी बेल वाजली. दार उघडते तर काय, दारात पाठ! नवंकोरं, महागामोलाचं जॅकेट उलटं घातलेलं, पट्टी आणि बटणं मागे उघडी.

“अहो भाऊजी! डोकं ठिकाणावर आहे का? हेसुद्धा उलटं?”

ते वळले नाहीत. तसेच भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “दोन दिवस सरळ घातलं, वहिनी. थंडी अजिबात वाजली नाही. जॅकेटला नाव ठेवत नाही मी.”

“मग?”

“सुशीला चेन लावली की पाठीवर थाप मारायची. ‘चला, निघा’ म्हणायची. तुम्हीपण मारता. तुमच्या लक्षातही नसेल.” मग म्हणाले, “आख्ख्या दिवसात अंगाला माणसाचा हात लागतो तो तेवढाच. नाड्या मीच कापल्या. माफ करा.”

आत दूध उतू जात होतं, त्याचा वास येत होता, पण मी दारातच. माझी ती गडबडीतली, वैतागलेली थाप! आणि हा माणूस त्यासाठी रोज थंडीत पाठ उघडी टाकून माझ्या दारात उभा राहत होता.

मी चेन वर ओढली. पट्टी बसवली. एकेक बटण लावलं, सावकाश. मग हात उचलला आणि तो तिथेच अडकला. एवढं कळल्यावर मारायची कशी?

भाऊजी हलले नाहीत. हेल्मेट काखेत धरून वाट बघत उभे राहिले.

मी डोळे पुसले, आणि जोरात थाप घातली. “हं, निघा आता! उद्या जरा लवकर या, माझं दूध उतू जातं.”