खरात कंडक्टरचं एक मत

आमच्या समितीच्या बैठकीत कुणी फार वेळ बोलायला लागलं की खरातमामा खिशातून तिकिटं पंच करायचा चिमटा काढायचे आणि हवेतच ‘कट्’ करून वाजवायचे. एकदा वाजला की बोलणाऱ्यानं आवरतं घ्यायचं. दुसऱ्यांदा वाजला की खाली बसायचं. एकदा जालन्याहून एक पुढारी आले होते. ते देशाच्या परिस्थितीवरून अजून आमच्या जिल्ह्यापर्यंतसुद्धा पोचले नव्हते, तेवढ्यात चिमटा दोनदा वाजला आणि मामा अदबीनं म्हणाले, “साहेब, तुमचा थांबा आला.”

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण गाडीतून काही उतरले नाहीत. आष्टीच्या गाडीवर, पिंपळगाव रेणुकाईच्या गाडीवर त्यांचा सगळा जन्म गेला होता आणि आता आमचं गाव हीच त्यांची गाडी होती. समाजमंदिरात बैठक भरली की दाराशी घुटमळणाऱ्यांना ते हाळी द्यायचे, “आत सरका, आत जागा हाये!” आत एखाद-दुसराच माणूस असला तरी हेच.

समिती निघाली ती पाण्यावरून. जालन्यापासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. वरच्या अंगाला रसायनांचा एक कारखाना आला आणि दोन-तीन वर्षांत ओढ्याचं पाणी पिवळं पडलं. मग विहिरी गेल्या. चहात दूध टाकलं की फाटायचं. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या पायांना भेगा पडून रक्त यायचं. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी गावच्या शाळेत नवा मास्तर, अक्षर बरं, म्हणून समितीचा चिटणीस झालो. अध्यक्ष कुणी नव्हतंच. खरातमामा होते.

कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायला जायचं तर मामा जाताना माणसं मोजायचे आणि येताना मोजायचे. एकदा परतताना एक माणूस जास्त भरला. तीनदा मोजून झालं. शेवटी कळलं, बदनापूरकडचा एक म्हातारा रेशनकार्डाच्या कामाला आला होता आणि आमच्या घोळक्यात चहा मिळतोय म्हणून शिरला होता. आम्ही हसलो. मामा मात्र त्याचा हात धरून परत कचेरीत शिरले. “आपल्यात मोजला गेला न्हाई का? मंग याचं काम झाल्याबिगर कसं निघायचं?” त्या दिवशी आमची शेवटची गाडी चुकली.

समितीचं नाव व्हायला लागलं तसे शहरातून लोक येऊ लागले. शिकलेले, कळकळीचे. त्यांनी आम्हाला नोंदणी करायला लावली, छापील कागद करायला लावले. मीही रंगलो. इतिवृत्ताच्या वहीत मी ‘सर्वानुमते’, ‘एकमताने’ असले शब्द झोकात लिहायचो. चिमट्याचं लोकांना आधी कौतुक वाटलं, मग अवघडायला लागलं. पाहुण्यांसमोर तो वाजवू नका, असं मीच मामांना सांगितलं. “बराबर हाये सर,” म्हणाले आणि चिमटा घरी ठेवून यायला लागले.

मग साहेबरावचं प्रकरण झालं.

साहेबराव म्हणजे गावातलं जुनं, मोठं घर. समितीच्या पहिल्या मोर्चात तो सगळ्यांत पुढं होता, कारण पहिली विहीर त्याचीच नासली होती. दोन हंगाम शेतात काही उगवलं नाही. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या कपड्यात उभा दिसला. पाठोपाठ त्याच्या रानातून कारखान्याचा नळ जमिनीखालून ओढ्यापर्यंत गेला.

गाव पेटलं. बैठक बोलावली. साहेबरावच्या घराशी कुणी बोलायचं नाही, त्यांच्या सुखदुःखाला जायचं नाही, असा ठराव मी वाचला. एक सोडून सगळे हात वर झाले. खरातमामा उठले.

“त्याच्याशी भांडा,” ते म्हणाले. “दारात जाऊन भांडा, मी येतो संगं. पण भर रस्त्यात माणूस उतरवू नका. त्याला गावाकडं यायला दुसरी गाडी न्हाई.”

“मामा, त्यानं गद्दारी केली,” कुणीतरी ओरडलं.

“केली. बिलकुल केली. तरी उतरवू नका.”

ठराव मंजूर झाला. मी वहीत लिहिलं, ‘ठराव एकमताने मंजूर.’ सही करायला वही फिरली तेव्हा मामांनी ती बराच वेळ वाचली.

“सर, माझं एक मत हुतं.”

“मामा, कागदावर एकमत बरं दिसतं. बाहेर फूट दिसायला नको.”

सही न करता त्यांनी वही पुढं सरकवली, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा बैठकीला आले नाहीत. आम्हीही बोलवायला गेलो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

पण त्यानंतर समितीत काही राहिलं नाही. साहेबरावची भावकी यायची बंद झाली. मग कोण कारखान्यातल्या कुणाशी बोललं यावरून एकमेकांवर संशय सुरू झाला. शहरातले लोक दुसऱ्या कामांना लागले. तीन-चार वर्षांनी बैठकीला मी आणि आणखी दोघं उरलो. छापील कागदांना वाळवी लागली. ओढा पिवळाच वाहत होता.

आणि अशात प्रदूषण खात्याचं पत्र आलं, अधिकारी पाहणीला येणार म्हणून. मागेही असे आले होते. ते यायचे त्या दिवशी कारखाना पाणी सोडायचाच नाही. नळाचं तोंड नेमकं कुठं आहे हेही आम्हाला दाखवता यायचं नाही, कारण ते साहेबरावच्या रानात, झुडपांत दडवलेलं. मी हताश झालो आणि लाज गिळून सकाळीच खरातमामांकडं गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “ते? ते रोज या टायमाला साहेबरावकडं जातेत की. तुम्हाला ठाव न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. साहेबरावला लकवा होऊन वर्ष झालं होतं, हे ऐकून होतो. पण ठराव होता ना. कुणी गेलं नव्हतं.

ओसरीवर खाटेला टेकून साहेबराव बसला होता. एक बाजू लुळी. खरातमामा त्याची दाढी करत होते. याच ओसरीच्या खाली, उन्हात उभं राहून मामांच्या वडिलांनी धान्याची वाट बघितलेली. वर पाय ठेवायची त्यांना मुभा नव्हती. ते मामांनीच मला एकदा सांगितलं होतं.

“गाल फुगव, साहेबा. तसा न्हाई, पोरगी बघायला आल्यासारखा फुगव,” मामा म्हणत होते आणि साहेबराव अर्ध्या तोंडानं हसत होता.

मला बघून साहेबरावचं हसू गेलं. त्याची बायको पार्वतीबाई आतून आली आणि चौकटीतच थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं. “मामा, त्या वहीत मी जे लिहिलं...”

“सर, ती पाण्याची वाटी धरा जरा,” मामा म्हणाले. मी वाटी धरून बसलो. दाढी झाली.

मग साहेबराव बोलायला लागला. शब्द जिभेवर अडखळत होते. पार्वतीबाई एकेक शब्द सोडवून सांगत होती. नळ कुठं उघडतो, पाणी कोणत्या वारी सोडतात, पाहणीच्या आधी कोण येऊन झाकण बसवतं, सगळं. फाटकावर उभं राहून त्यानं सगळं बघितलं होतं. सांगता सांगता तो रडायला लागला. “वि... हीर,” एवढंच नीट कळलं.

“मला पैलेच सांगायचं हुतं,” पार्वतीबाई म्हणाली. “पण सांगावं कुणाला? खरातभाऊ सोडून या दारात येत कोण हुतं?”

पाहणीच्या आधीच साहेबराव गेला. तेव्हा मात्र मातीला गाव गेलं. मान खाली घालून का होईना, गेलं.

अधिकारी आले त्या दिवशी पार्वतीबाई कपाळावर पदर ओढून पुढं झाली. ज्वारीतून त्यांना थेट बाभळीच्या जाळीपाशी घेऊन गेली आणि स्वतःच्या हातानं काटे बाजूला सारले. झाकण होतं, पण खाली माती पिवळी होती आणि वास लपत नव्हता. तिच्या मागं गावातल्या पंचवीस-तीस बाया उभ्या होत्या. बैठकीला कधी न आलेल्या, पायांना भेगा पडलेल्या. तो नळ बंद झाला. विहिरी काही लगेच निवळल्या नाहीत. काही अजूनही निवळलेल्या नाहीत. पण समिती पुन्हा उभी राहिली, ती त्या बायांची. पार्वतीबाई अध्यक्ष झाली. बैठकीत आता चिकार भांडणं होतात आणि वहीत ती जशीच्या तशी लिहिली जातात.

मामांना मी पुन्हा पुन्हा बोलावलं. “येतो, जल्दी काय हाये,” म्हणायचे, पण यायचे नाहीत. नळ बंद झाल्याचं सांगायला गेलो, त्या दिवशी ते अंगणात बसले होते. स्वच्छ धुतलेले कपडे, पायात चपला. कुठंतरी निघाल्यासारखे.

“कुठं निघालात, मामा?”

“कुठं न्हाई,” ते म्हणाले. “सर, आमची मंडळी आजारी हुती तवा मी रोज गाडीवर. ती गेली तवा आष्टीच्या मुक्कामी गेल्तो. शेवटचं पाणीसुद्धा शेजारणीनं पाजलं. माझ्या हातून तिचं काहीच झालं न्हाई. मंग साहेबाचं करून राह्यलो हुतो. तो काय, शिव्या द्यायचा मला. पण वाट बघायचा.”

त्यांनी हाताची बोटं उघडली, मिटली.

“आता सकाळी उठतो, तयार हुतो, आन् मंग कळंना, जावं कुठं.”

शाळेची घंटा झालेली ऐकू आली. मी उठलो नाही. आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि दोघांचा चहा ठेवला.