मास्तरांची लेक आणि दोन कमी

लेकीचा फोन आला तेव्हा टेलरमास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ते नुसतं ऐकत राहिले. त्यांनी त्या टाचण्या काढल्याच नसत्या, तर पुढचं सगळं टळलं असतं.

मास्तरांचं दुकान कोर्टासमोर. तिथल्या निम्म्या वकिलांच्या अंगावरचे काळे गाऊन त्यांच्या हातचे. लेकीने कायद्याच्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा दिली होती. "बाबा, अठ्ठ्याण्णव आले," ती म्हणाली, "कमी पडले." मास्तरांना हसू आलं. शंभरात दोन कमी म्हणजे किती, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कापड दोन बोटं कमी पडलं तर ते असा जोड देत, की गिऱ्हाइकाला जन्मात पत्ता लागत नसे.

समोर हात पसरून माप द्यायला उभे होते ते एक बुजुर्ग वकील. कुठलंही काम पुढच्या तारखेवर ढकलण्याच्या सवयीमुळे सगळं कोर्ट त्यांना तारीखसाहेब म्हणत असे. मास्तरांनी टाचण्या काढून त्यांना बातमी सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच तारीखसाहेबांनी एक काम त्याच दिवशी उरकलं. दुपारपर्यंत वकिलांच्या खोलीत ठराव पासही झाला, की मास्तरांच्या मुलीचा उद्या सत्कार करावा आणि तिला सगळ्यांतर्फे गाऊन द्यावा. गाऊनची ऑर्डर अर्थातच मास्तरांकडे आली. त्यांनी ती गंभीर चेहऱ्याने लिहून घेतली आणि माप विचारायला कुठे जावं लागलं नाही.

लेक घरी आली ती रडून डोळे सुजवूनच. मास्तर कापड बेतत होते.

"बाबा, ते गुण नव्हते. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण माझ्या मागे आहेत, असा अर्थ आहे त्याचा."

"म्हणजे पुढे दोघंच ना? तिसरा नंबर काय वाईट आहे?"

"दर शंभरात दोघं. परीक्षेला साठ हजार बसले होते."

मास्तरांनी टेबलावरच खडूने हिशेब केला. बाराशे. मग हळूच विचारलं, "आणि जागा?"

"ऐंशी."

मास्तरांनी खडू ठेवला. लेकीच्या पुढे रांगेत बाराशे माणसं उभी होती आणि जरा सरका म्हणावं असं त्यात ओळखीचं कोणी नव्हतं. मशीनच्या खडखडाटात कानांत कापसाचे बोळे घालून पोरीने दोन वर्षं अभ्यास केला होता, आणि आपण फोनवर हसलो होतो.

सकाळी ते तारीखसाहेबांकडे गेले आणि खरं काय ते सांगायला लागले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हा विनय तुम्हालाच शोभतो म्हणाले. मास्तर जितकं नाही नाही म्हणत गेले, तितका त्यांचा विनय वाढत गेला. शेवटी लेकच म्हणाली, मी सांगते.

सत्काराला खोली भरली होती. लेक उभी राहिली आणि आपला सत्कार का होऊ नये, ते तिने शांतपणे मांडलं. प्रवेश मिळालेला नाही, मिळणारही नाही. ठराव गैरसमजातून झाला आहे, आणि गैरसमज आमच्या घरचा आहे, तुमचा नाही.

पण ते वकील होते. एकाने निदर्शनास आणलं की ठराव रद्द करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. दुसऱ्याने ठराव वाचून दाखवला. त्यात 'उत्तम यशाबद्दल' एवढंच होतं, प्रवेशाचा उल्लेखच नव्हता. तिसऱ्याने विचारलं, की या परीक्षेत इथल्या कोणाला अठ्ठ्याण्णव मिळाले असते? त्यावर सगळे छताकडे बघू लागले. मग हात वर झाले. लेक तिची पहिली केस एकमताने हरली.

तारीखसाहेबांनी तिच्या खांद्यांवर गाऊन घातला. "युक्तिवाद चांगला होता, पोरी."

"पण काका, माझा निकाल तर लागला ना."

"कोण म्हणतं? तारीख पडलीय फक्त. पुढच्या वर्षीची."

गाऊन खाली दोन बोटं लांब झाला होता. आदल्या दिवशीच्या गडबडीत मास्तरांच्या हातून पहिल्यांदाच माप चुकलं होतं. ते तिथेच सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले आणि काठ दुमडून टाचण्या लावू लागले.

"बाबा," लेक खाली वाकून म्हणाली, "पुन्हा बसते मी परीक्षेला. चालेल?"

मास्तरांनी नुसती मान डोलावली. तोंडात टाचण्या होत्या. या वेळी त्यांनी त्या काढल्या नाहीत.