दाजींच्या अंगणातली थंडी

प्रश्न असा आहे : मालवणच्या किनाऱ्यावर, जिथे लाटेचा आवाज अंगणात ऐकू येतो आणि पायांखाली जांभा दगड आहे, तिथे बारबेरीचे बुटके झुडूप जगू शकते काय?

मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. एरवी अशा प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दात दिले असते. परंतु हा प्रश्न माझ्या शेजारच्या दाजींनी उभा केला, आणि दाजींच्या बाबतीत एका शब्दात काहीही संपत नाही.

दाजींना प्रथम पाहणाऱ्याला एकच गोष्ट दिसते. रोज सकाळी ते स्कूटरवर पायांशी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी ठेवून घरी येतात. आमच्या गावात बर्फ सर्वांनाच लागतो, पण तो मासळीला. झाडाला बर्फ घालणारा माणूस एकच. मासे ठेवण्याचा थर्माकोलचा खोका, खोक्यात मातीची कुंडी, कुंडीभोवती फोडलेला बर्फ आणि वर भिजवलेले गोणपाट, अशी ती सारी रचना फणसाच्या सावलीत असते. कुंडीत टीचभर उंचीचे, काट्याकाट्यांचे एक झुडूप.

झुडपाची ओळख करून देते. आपल्याकडे औषधासाठी दारुहळद वापरतात, तिच्याच कुळातले हे शोभेचे भावंड. पाने नखाएवढी, रंग तांबडा-जांभळा. थंडीत पाने गळतात, वसंतात नवी येतात. याला खरीखुरी थंडी लागते, आणि आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे आठवडाभर अंगावर घ्यावी लागणारी चादर. हे मी दाजींना पहिल्याच दिवशी सांगितले.

"बाई, थंडी माझ्यार सोडा," दाजी म्हणाले. "तीस वर्सा माझो थंडयेचोच धंदो."

ते खरे होते. दाजी बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बाहेर उन्हाने कौले तडकत असताना हा माणूस आत कानटोपी घालून वावरत असे. ती कानटोपी अजूनही त्यांच्या डोक्यावर असते, चैत्रातसुद्धा.

दिवाळीनंतर हिमाचलमधल्या एका रोपवाटिकेतून ते रोप पार्सलने कुडाळ स्टेशनवर आले. दाजी खोका आणि बर्फ घेऊन आधीच फलाटावर हजर. घरी आणून उघडले, तर एकही पान नाही. नुसत्या काड्या. दाजींचा चेहरा पडला. मी त्यांना शाळेतला साधा प्रयोग दाखवला. काडीची साल नखाने हळूच खरवडायची. आत हिरवा, ओलसर थर दिसला, तर झाड जिवंत. कोरडा, तपकिरी दिसला, तर संपले. मी खरवडले. पातळ हिरवा थर, आणि त्याच्याखाली हळदीसारखा पिवळाधमक गाभा.

"जिता आसा!" दाजी ओरडले, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेले.

त्या दिवसापासून "बाई, नख लावा" हे त्यांचे पालुपद झाले. पान वाकडे झाले, नख लावा. कोंबडीने कुंडी उकरली, नख लावा. मी त्यांना समजावले की, इतक्यांदा साल काढली तर झाड थंडीवाचून नव्हे, माझ्या नखांमुळे मरेल. तेव्हा आठवड्यातून एकदा, असे ठरले.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मात्र ते विचारणाऱ्याप्रमाणे बदलत. मला सांगितले, औषधी आहे. पोस्टमनला सांगितले, शोभेचे आहे. मासे विकणाऱ्या शेवंताला सांगितले, काटे आहेत, मांजर जवळ येणार नाही. शेवंता काही गप्प बसणारी नव्हे.

"दाजीनू, माझ्या बांगड्यांका बर्फ गावणा नाय, नि तुमी काट्यांका घालतास? इकूक काढतलास काय?"

"तुझे बांगडे दोन दीस रवतत गो. माझा झाड इसाक वर्सा रवतला."

"मगे त्येका हळद-मीठ लावन् ठेया!"

शेवंताच्या या थट्टेत अर्धे सत्य होते, हे आम्हांला फेब्रुवारीत कळले. तोवर झुडपाला पाने फुटली होती. एकाएकी त्यांच्या कडा करपू लागल्या. मी पद्धतशीर तपास केला. ऊन नाही, कारण फणसाची सावली आहे. कीड नाही, कारण पाने भिंगातून पाहिली. विहिरीचे पाणी नाही, कारण शेजारची मोगरी त्याच पाण्यावर फुलत होती. उरला बर्फ. खोक्यात वितळलेल्या पाण्यात मी बोट बुडवले आणि जिभेला लावले. खारट. शिवाय बांगड्याचा वास.

"दाजी, हा बर्फ कुठला?"

दाजींनी कानटोपी काढली. कारखाना लांब पडतो, म्हणून ते जेटीवर मासळी उतरवून झाल्यावर होड्यांच्या खणांत उरलेला बर्फ उचलून आणत होते. ज्या माणसाने तीस वर्षे गोड्या पाण्याच्या लाद्या पाडल्या, त्याने स्वतःच्या झाडाला तीन महिने समुद्र पाजला होता.

"बर्फ तो बर्फ, असा वाटला माका," ते हळूच म्हणाले. "बाई, नख लावा."

मी लावले. हिरवे होते, पण फिके. आम्ही माती बदलली, मुळे गोड्या पाण्याने धुतली. दुसऱ्या दिवसापासून दाजी पहाटे उठून थेट कारखान्यात जाऊ लागले.

परंतु एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. पुढच्या सोमवारी त्यांनी मला हाक मारली. कुंडीसमोर नारळ, अगरबत्ती आणि तांदूळ. दाजी गाऱ्हाणे घालणार होते. गाऱ्हाण्यात देवाला सगळे मोकळेपणी सांगायचे असते, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. जमलेली मी एकटीच. विज्ञानाच्या शिक्षिकेने झाडासमोर होकार भरावा काय, हा विचार मी करीत होते, तोवर दाजी सुरूही झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्याकडे गाऱ्हाणा घालता हा..."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"माझो झील इंग्लंडात आसा. त्येची चेडू पाच वर्सांची झाली. ती मे म्हयन्यात पयल्यांदा हय येवची आसा..."

"व्हय म्हाराजा."

"फोनार माका बघून ती आवशीच्या पाठी लपता. तिका हयलो समुद्र नवो, हयली माणसा नवी, हो म्हातारो पण नवोच. तिच्या दारात ह्या असला झाड आसा, ता ती माका फोनार दाखयता. तेवढ्यापुरती फुडे येता. तर म्हाराजा, तिका माझ्या दारात एक तरी वळखीचा दिसूंदे. ह्या झाड मे पर्यंत जगव रे म्हाराजा!"

देवाशी खोटे बोलता येत नाही, म्हणून खरे कारण, म्हणजे मुलाची ती पाच वर्षांची लेक, मला असे कळले. या वेळी मी "व्हय म्हाराजा" मोठ्याने म्हटले.

झाड मे महिन्यापर्यंत जगले. शास्त्रशुद्ध नोंद करायची, तर तेवीस पाने होती. मात्र उष्म्याने आणि सावलीने त्यांचा तांबडा रंग उतरून ती हिरवी झाली होती. नात आली, वडिलांच्या पायांआडून डोकावली. दाजींनी गोणपाट दूर केले.

तिने झाडाकडे बराच वेळ पाहिले. "हे आमचं नाही. आमचं रेड आहे."

दाजी कानटोपी नीट करीत राहिले. तेवढ्यात त्या मुलीचे लक्ष खोक्यात गेले. दुपारचे दोन वाजले होते, प्रवासाने तिचे गाल लालभडक झाले होते. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात घातले आणि डोळे मिटले. मग ओल्या हातांनी तिने दाजींचा लेंगा धरला.

"आबा, अजून आइस."

पुढचे आठ दिवस पहाटे स्कूटरवर दोघे जात. कारखान्यातून येताना पुढे ती उभी, तिच्या डोक्यावर दाजींची कानटोपी. लादी फोडायची दाजींनी, कुंडीभोवती रचायची तिने. झाडाकडे ती पाहतही नसे. निघताना मात्र बजावून गेली, "आबा, रोज आइस घाल हां."

ती गेली, आणि जूनमध्ये झुडपाची पाने गळली. आता श्रावण आहे. कुंडीत नुसत्या काड्या आहेत. दाजी रोज बर्फ आणतात, फोडतात, रचतात आणि संध्याकाळी फोनवर तिला तो खोका दाखवतात. ती आता लपत नाही.

"झोपला हा ता," दाजी मला म्हणाले. "तिच्याकडचा पण थंडयेत असाच झोपता. तुमीच सांगितल्यात मा, बाई?"

मीच सांगितले होते. हे झुडूप थंडीत पाने गाळते, हे खरे. मेलेले झुडूपही पाने गाळते, हेही तितकेच खरे. या दोहोंतला फरक एका नखाने कळतो. पण त्या जूनपासून दाजींनी मला "नख लावा" असे एकदाही म्हटलेले नाही, आणि मीही दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडे जाताना हात पदराखाली ठेवते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. ज्यांना ते हवे असेल, त्यांनी आमच्या गावी यावे, जमिनीलगतच्या काडीची साल अगदी हलक्या हाताने खरवडावी आणि स्वतः पाहावे. दाजी बर्फ आणायला गेलेले असतील, अशा वेळी.